फाटकापर्यंतची दौड

केशरबाई रोज सकाळी अंघोळीच्या आधी तांब्याभर कढत पाणी घ्यायची. ते आधी उजव्या पायावर ओतायची, मग डाव्यावर. उजवा पाय झटकन मागे यायचा. डावा तसाच राहायचा. न्हाणीला दार म्हणून गोणपाट लावलेलं होतं. त्याच्याआड ती डोळे मिटून उभी राहायची आणि डाव्या पायाला काही कळतंय का याची वाट बघायची. कधी वाटायचं, कळलं. बोटांच्या वर जिथे रुपयाएवढा फिकट चट्टा होता, तिथेही काहीतरी ऊनऊन झालं. मग डोळे उघडले की दिसायचं, कातडी लाल झाली आहे. चटका बसल्याचं तिला डोळ्यांनी समजायचं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पुढे बऱ्याच काळाने माझ्या आईला सांगितलं, आमच्या ओसरीवर तूर निवडता निवडता, तुकड्यातुकड्याने, आणि आईने मला.

झरीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमची वाडी लागते. केशरबाई तिथल्या अंगणवाडीची ताई. पोरांना ओळीत बसवून सुकडी वाटायची, नाकं पुसायची, रडणाऱ्याला मांडीवर घेऊन बाकीच्यांना गाणं म्हणायला लावायची. नवरा सूर्यभान परभणीला कापसाच्या जिनिंगवर होता, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचा. घरी दोन मुलं. तिचं वय तेव्हा तीस-बत्तीस असेल.

भीती तिला नवी नव्हती. ती लग्न होऊन आली आणि त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. मराठवाड्यात बौद्ध वस्त्या जळाल्याच्या खबरा येऊ लागल्या. आमच्या वाडीत कुणी काडी लावली नाही, पण त्या दिवसांत आमच्याकडच्या बौद्ध वस्तीतल्या बाया चूल न पेटवता घरात बसत, आणि रस्त्यावर चार माणसांचा आवाज आला की मागच्या ज्वारीत जाऊन दडत. नवी नवरी असताना केशरबाई आवाज न करता भ्यायला शिकली, असं आई म्हणते. पुढे सूर्यभान नामांतराच्या मोर्च्यांना जाऊ लागला, एकदा पंधरवडाभर तुरुंगात राहिला. तेव्हाही ती तशीच, तोंडातून ब्र न काढता, भाकरी थापत राहिली.

पण त्या भीतीत सगळी वस्ती बरोबर होती. या भीतीत ती एकटी होती.

तिचं माहेर पालमकडचं. तिथे तिची एक आत्या होती, तानुबाई. आत्याच्या हाताची बोटं वाकायला लागली तशी घरच्यांनी तिला ओढ्याच्या काठी खोपी करून दिली. रगतपिती म्हणत त्या रोगाला. रोज कुणीतरी जाऊन खोपीपासून लांब एका दगडावर भाकरी ठेवायचं आणि मागे न बघता परत यायचं. माणूस नजरेआड झालं की आत्या बाहेर यायची. एका सकाळी आदल्या दिवशीची भाकरी तशीच दिसली, तिला मुंग्या लागलेल्या. ठेवणाऱ्याने तिच्यावरच नवी भाकरी ठेवली आणि तो घरी आला. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी होत्या. तिसऱ्या दिवशी केशरच्या बापाने खोपीत डोकावून बघितलं. केशर तेव्हा परकर नेसत होती. आत्या कधी मेली, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही, हे तिच्या मनात राहून गेलं.

आता रोज सकाळी पाणी ओतताना तिच्यासमोर तो दगड असायचा.

कुष्ठरोगाच्या खात्याचा बन्सीधर सायकलवरून वाडीत तपासणीला यायचा. बायांची तपासणी अंगणवाडीत व्हायची. केशरबाई दोरीवर चादर टाकून आडोसा करायची आणि एकेकीला आत पाठवायची. बन्सीधर डोळे मिटायला सांगायचा आणि हातापायावरून कोंबडीचं पीस फिरवून, कुठं लागलं ते बोटानं दाखवा, म्हणायचा. म्हाताऱ्या खिदळायच्या.

"आरं बन्सीधर, गुदगुल्या व्हायल्यात की रं! नवरा मेल्यापून कुणी हात लावला न्हाई, तू पीस फिरवायलास."

"मावशे, गप बसा. गुदगुल्या व्हायल्या म्हंजे तुमी ठणठणीत."

चादरीच्या अलीकडे केशरबाई ते हसणं ऐकत उभी असायची. सगळ्या झाल्या की बन्सीधर पीस खिशात ठेवत विचारायचा, "ताई, तुमी ऱ्हायल्या की?"

"माझं मुख्यसेविकाबाईंनी बघितलं," ती म्हणायची आणि चादर घडी करायला घ्यायची. तिच्या घड्या नीट पडायच्या नाहीत.

एक्याण्णव सालच्या जानेवारीत सरपंच किशनराव अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. महिनाअखेरीस कुष्ठरोग निवारण दिन होता. त्या लोकांच्या मदतीसाठी दौड ठेवली होती. जिंतूर रस्त्याने धावत परभणीच्या अलीकडे त्यांच्या वसाहतीच्या फाटकापर्यंत जायचं. बायांची दौड वेगळी होती, आणि प्रत्येक गावाने एक बाई द्यायची होती.

"केशरबाई, तुमचं नाव दिलंय."

"माझं? अवो सरपंच, दोन लेकरांची माय मी. माझ्यानं काय पळणं व्हतंय?"

"मग काय माझ्या म्हातारीला पळवू? तुमी रोज सगळी वाडी तुडवता. दुसऱ्या कुण्या घरची बाई पळायला सोडतंय कोण?" किशनरावांनी आवाज खाली आणला. "आन हे बघा, वाडीनं कबूल केलंय. आपली बाई फाटकाला पोचली तर गाडीभर जवारी त्या लोकांना. न पोचली तर न्हाई. समदी गावं तशीच बोलल्यात."

"आन न्हाई पोचले तर?"

"तर माझी इज्जत जाईल. कामून पोचत न्हाई? आन एक ध्यानात ठेवा. फाटकापर्यंत. आत पाय टाकायचा न्हाई. आमची लेकरं तुमच्या मांडीवर बसत्यात."

तिने मान हलवली. नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं, आणि कारण विचारलेलं तिला नको होतं. पायाला काय झालंय, असा प्रश्न कुणाच्या तोंडून निघू नये म्हणून ती त्याच पायाने धावायला तयार झाली.

तीस तारखेला सकाळी बाया जिंतूर रस्त्यावरच्या फाट्यावर जमल्या. बहुतेक साऱ्या अंगणवाडीच्याच, वेगवेगळ्या तालुक्यांतून ट्रकने आणलेल्या. पदर खोचलेले, निऱ्या वर ओढून घेतलेल्या, चपला एका पोत्यात गोळा केलेल्या. थंडी होती. बाभळींना कापूस लटकलेला होता, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचा. केशरबाईच्या शेजारी पालमची गीताबाई उभी होती. माहेरचा मुलूख म्हणून दोघींची लगेच ओळख झाली. गीताबाई खाली बसून पायातली जोडवी काढायला लागली होती.

"काढ की तू बी. खडी टाकलीय पुढं रस्त्याला. बोटं फुटतील."

"नको गं बाई. जोडवी कशी काढू? नवरा जिता हाय माझा."

"आगं, जोडवी काढून नवरे मरत असते तर निम्म्या बायांनी कवाच काढली असती."

आजूबाजूच्या बाया हसल्या. केशरबाईही हसली, पण तिने पाय निऱ्यांत ओढून घेतला. जोडवी काढायची म्हणजे खाली बसून पाय पुढे करायचा, आणि चट्टा उजेडात यायचा.

शिट्टी वाजली.

सुरुवातीला तिला बरं वाटलं. लग्नानंतर ती कधी धावली नव्हती. वारा कानात शिरत होता, आणि एवढ्या बायांच्या पावलांच्या आवाजात तिची पावलं वेगळी ऐकू येत नव्हती. मग खडी लागली. बाया "आई गं", "मेले गं" करत रस्त्याच्या कडेने मातीत उतरल्या. केशरबाईचा उजवा पायही मातीकडे ओढ घेत होता. डावा बिनतक्रार पडत होता. ती कडेला उतरली, पण मध्येच एखादा खडा यायचा, पाय वाकडा पडायचा, आणि तिला ते फक्त गुडघ्यात कळायचं. खाली बघायची तिला भीती वाटत होती. समोर बघून ती धावत राहिली. आपण पोचलो तर गाडीभर ज्वारी. आपण पोचलो तर संपलं. घरी जाऊ, दार लावून घेऊ.

फाटक दिसायला लागलं तेव्हा मागून गीताबाई ओरडली, "केशर! आगं तुझा पाय!"

तिने खाली पाहिलं. डाव्या पायातलं जोडवं खडीवर आपटून उघडलं होतं. चांदीचं टोक दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात रुतलं होतं. पाय घोट्यापर्यंत रक्ताने भरला होता. मागे वळून बघितलं तर मातीत तिच्या एका पावलाची लाल खूण लांबपर्यंत उमटत आलेली होती.

"दुखंना का गं तुला?" गीताबाई धापा टाकत म्हणाली. तिच्या आवाजात काळजीच होती, पण नजर पायावरून हलत नव्हती. पाठीमागच्या दोघीतिघी वेग कमी करून बघायला लागल्या.

"दुखतंय की," केशरबाई म्हणाली. "लय दुखतंय गं माय." आणि ती लंगडायला लागली.

तशीच लंगडत ती फाटकाला पोचली. बाहेर मांडव होता, टेबलामागे अधिकारी, गावोगावचे सरपंच. किशनराव ज्वारीच्या गाडीला टेकून उभे होते. तिला पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. फाटकाच्या आत वसाहतीतली माणसं रांगेत उभी होती, आणि एक म्हातारी सळ्यांच्या फटीतून येणाऱ्या प्रत्येक बाईला झेंडूचं फूल देत होती. तिच्या हाताला बोटं फार उरली नव्हती. फूल ती दोन्ही तळव्यांत धरून पुढे करायची. पुष्कळ बाया ते न घेता हात जोडून बाजूला होत होत्या. म्हातारीचं नाव धुरपताबाई.

केशरबाई तिच्यासमोर थांबली. धुरपताबाईने फूल पुढे केलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि सळ्यांना तोंड लावून अगदी हळू म्हणाली,

"बयो, रगत डाव्याला हाय. लंगडायचं त्या पायानं."

 मघापासून केशरबाई उजवा पाय उचलून टाकत आली होती. डाव्या पायाने तिला कधी दुखणं सांगितलंच नव्हतं. लंगडायला गेल्यावर तिला दुखू शकणारा पाय एकच आठवला. तिने फूल घेतलं. तेही आपण घेतलं हे तिला नंतर कळलं.

तेवढ्यात बन्सीधर आला. पाय बघून म्हणाला, "ताई, आत चला. धुवावं लागंल, टोक काढावं लागंल. मलमपट्टीचं सामान आत हाय."

"आत कामून?" किशनराव गाडीजवळूनच ओरडले. "सामान भाईर आण की, बन्सीधर! हितं खुर्ची हाय, उजेड हाय, समदे हाईत."

समदे होते. खुर्चीवर बसून पाय पुढे करायचा. बन्सीधर जखमेत चिमटा घालणार, औषधाचा बोळा दाबणार, आणि गीताबाई, किशनराव, साऱ्या बाया तिच्या तोंडाकडे बघणार. कधी ओरडायचं? बोळा लागल्यावर लगेच, की जरा थांबून? तिला समजणार नव्हतं. बाहेर बसली असती तर सगळ्यांना कळलं असतं. आत गेली असती तर सरपंचांचा शब्द मोडला असता, आणि वाडीतल्या पोरांना तिच्या मांडीवर कोण बसू देणार?

तिने फाटकाला हात लावला. धुरपताबाईने आतून मनगटाने कडी सरकवली.

"केशरबाई!" किशनरावांचा आवाज आला. ती आत गेली.

आतल्या खोलीत एक बाकडं होतं आणि भिंतीला चुना. बन्सीधरने जखम धुतली, टोक काढलं, पट्टी बांधली. सगळं होईपर्यंत केशरबाई एकदाही ओरडली नाही. आता ते सोंग करायचं तिला उमगत नव्हतं. मग त्याने पट्टीच्या वरचा चट्टा पाहिला आणि खिशातून पीस काढलं.

"डोळे मिटा, ताई."

तिने डोळे मिटले. बाहेर कुणाचं तरी भाषण सुरू झालं होतं. ती वाट बघत राहिली. किती वेळ गेला ते तिला समजलं नाही. शेवटी तिने विचारलं, "लावलं का?"

"उघडा डोळे," बन्सीधर म्हणाला. त्याने पीस ठेवूनही दिलं होतं.

त्याने समजावून सांगितलं. एकच चट्टा आहे. हा दुसऱ्याला न लागणारा प्रकार. नव्या गोळ्या निघाल्यात, सहा महिने घ्यायच्या, रोग तिथेच थांबतो. कुणाला कळायचं कारण नाही. गोळ्या तो स्वतः आणून देईल. केशरबाईला त्यातलं एकच ऐकू आलं, की रोग आहे. एवढे दिवस पाणी ओतून ती जे विचारत होती त्याचं उत्तर मिळालं होतं.

"लेकरं बसत्यात माझ्या मांडीवर," ती म्हणाली.

"बसू द्या."

"माझी बी हाईत दोन."

"त्यांना बी बसू द्या, ताई."

दारात धुरपताबाई उभी होती. "मला गोळ्या न्हवत्या," ती म्हणाली. "तुला हाईत. रडायलीस कामून?" मग रागावल्यासारखी, "आन पुसून घे तोंड. भाईर जायचंय तुला."

किशनरावांनी ज्वारी दिली. पोती फाटकाबाहेर उतरवली आणि म्हणाले, बाई पोचली, शब्द म्हणजे शब्द. पण परतीच्या वाटेवर ते केशरबाईशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकही मूल आलं नाही. तिच्या रोगाचं कुणाला ठाऊक नव्हतं. ती आत जाऊन आली, एवढंच बोललं जात होतं. ती रोज सुकडी शिजवायची, रिकाम्या चटईसमोर बसायची आणि सुकडी गार झाली की शेळ्यांना घालायची. पहिल्यांदा परत आली ती माझी आई, माझ्या धाकट्या भावाला घेऊन. "घरी लय तरास देतंय," एवढंच म्हणाली. मग हळूहळू बाकीची पोरं आली. भुकेला फाटक नसतं, असं आई म्हणते, पण मला वाटतं बायांनाही पोरांचा घरी कंटाळा आला असणार.

सूर्यभानला तिने त्या शनिवारीच सांगितलं, तो जेवत असताना. तो मोर्च्यात पुढे असायचा, पोलिसांच्या लाठीला भ्यायचा नाही. त्याचा हात ताटात थांबला. त्याने मुलांकडे पाहिलं. मग उरलेली भाकरी खाल्ली, हात धुतला आणि अंथरूण उचलून ओसरीवर टाकलं. उकडतंय म्हणाला. फेब्रुवारी नुकता कुठे लागला होता, थंडी सरली नव्हती.

त्याने हे कधी कुणाला सांगितलं नाही, तिला घराबाहेर काढलं नाही, एक शब्द वाकडा बोलला नाही. दर शनिवारी येऊन ओसरीवर झोपत राहिला. केशरबाईने आपलं ताट-तांब्या आपणच वेगळा केला, कुणी सांगायच्या आधी. लेकीने विचारलं, तर म्हणाली, माझं भांडं मला बरं पडतं. महिन्यातून एकदा लाल गोळी असायची. त्या दिवशी लघवी लाल व्हायची, आणि बन्सीधरने आधी सांगूनही ती दरवेळी दचकायची. ओसरीवरचा नवरा खोकला तरी तिला वाटायचं, उठला, आता निघून जाणार, किंवा मला निघ म्हणणार. सकाळी त्याचं अंथरूण गुंडाळलेलं दिसलं की तिला हायसं वाटायचं.

सहा महिन्यांनी बन्सीधर म्हणाला, "बऱ्या झालात." सूर्यभानने ते ऐकलं आणि मान हलवली. त्या शनिवारीही अंथरूण ओसरीवरच पडलं. पायाला जाण परत आली नाही. ती यायची नसते, असं बन्सीधरने सांगितलं होतं. पण ज्या पायाला काही कळत नाही तो बरा झाला यावर केशरबाईचा विश्वास बसेना, आणि सूर्यभानचाही बसला नसावा. असं दोन-अडीच वर्षं चाललं. बाहेरून बघणाऱ्याला त्या घरात काही वेगळं दिसलं नसतं.

त्र्याण्णव सालच्या शेवटी तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग परभणीच्या दवाखान्यात नेलं तोवर पोट फुगलं होतं. चौदा जानेवारीला संध्याकाळी बायांच्या वॉर्डात माझी आई तिच्याजवळ बसली होती. सूर्यभान धावत आला. त्याच्या कपाळाला निळा गुलाल होता. खाटेपासून हातभर लांब, भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला.

"झालं गं केशर," तो म्हणाला. "विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्सं झाली."

तिने डोळे उघडले. हसली, असं आई म्हणते. त्याच रात्री तिची शुद्ध गेली आणि नंतर आलीच नाही. पण त्या वेळी ती पुरती शुद्धीवर होती. तिने अंग चोरून खाटेच्या एका कडेला सरकायचा प्रयत्न केला.

"बरं झालं," ती म्हणाली. "उबे कामून? बसा की हितं. लय जागा हाय."